कुत्रा आणि मूल : गुरगुरणाऱ्याला गप्प करू नये

गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते आणि ती दिल्याबद्दल त्याला शिक्षा करणे ही लहान मूल असलेल्या घरातील अत्यंत घातक चूक होय. सिंगापूरमधील एका वाचक आजींचा प्रश्न या बाबतीत मूलगामी आहे. तीन वर्षांचा नातू खाण्याच्या भांड्याजवळ गेला की एरवी गरीब असलेला कुत्रा गुरगुरतो, तर दरडावून त्याची ही खोड मोडावी काय, असे त्यांनी विचारले आहे.

मोडू नये. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी कुत्र्याच्या वाढत्या अस्वस्थतेची एक शिडी मांडली आहे. तिच्या खालच्या पायऱ्यांवर जांभई देणे, नाक चाटणे, तोंड फिरवणे, उठून दूर जाणे, कान पाडणे आणि शेपूट पायांत घालणे ही चिन्हे येतात; त्यानंतर अंग ताठ करून रोखून पाहणे, मग गुरगुरणे, मग हवेत तोंड मारणे आणि शेवटी चावा. म्हणजे गुरगुर कानी पडते तेव्हा आधीच्या बहुतेक सूचना कोणाच्या लक्षातही आलेल्या नसतात. दरडावल्याने कुत्र्याची भीती जात नाही, फक्त आवाज जातो, आणि अशा कुत्र्याविषयीच पुढे ‘काही न करता एकदम चावला’ असे सांगितले जाते.

या सूचना मुलाला कळतील अशी अपेक्षाही धरता येत नाही. लिंकन विद्यापीठातील केर्स्टिन माइन्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात लहान मुले दात विचकलेल्या कुत्र्याला आनंदी समजतात असे दिसून आले. हसऱ्या वाटणाऱ्या कुत्र्याला मूल मिठी मारते. कुत्र्याला ती मिठी म्हणजे पकड वाटते आणि मुलाचा चेहरा त्याच्या तोंडासमोर येतो. लहानग्यांना होणाऱ्या जखमा बहुधा चेहऱ्यावर आणि मानेवर का असतात, हे यावरून स्पष्ट होते.

सिंगापूरचा कायदा सार्वजनिक जागेपुरता काटेकोर आहे. तेथील प्राणी व पशुवैद्यकीय सेवा विभाग प्रत्येक कुत्र्यासाठी परवाना मागतो आणि धोकादायक मानून विशेष नोंदीत घातलेल्या जातींना बाहेर पट्टा व मुसके सक्तीचे करतो. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, सदनिकेत तर सामान्यतः मान्य यादीतील लहान जातीचा एकच कुत्रा पाळता येतो. मात्र लहान मुलांना होणारे बहुतेक चावे ओळखीच्या कुत्र्याचे आणि घरातच होतात, जेथे कायदा पोहोचत नाही; शिवाय जात लहान म्हणून निर्धास्त राहणाऱ्या पालकांना त्या यादीतून नकळत खोटा दिलासा मिळतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

आजींनी करावयाचे ते असे. गुरगुर ऐकू येताच कुत्र्याला नव्हे, तर नातवाला शांतपणे बाजूला घ्यावे. यापुढे कुत्र्याचे जेवण स्वयंपाकघरात, मध्ये फाटक लावून द्यावे, आणि त्याला खाऊ घालणाऱ्या व फिरायला नेणाऱ्या घरकामाच्या मदतनीस बाईंनाही हा नियम नीट समजावून सांगावा, कारण अनेक घरांत कुत्र्याचा सर्वाधिक सहवास त्यांनाच असतो. लक्ष ठेवणे म्हणजे त्याच खोलीत मोबाइल पाहत बसणे नव्हे. मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. गुरगुरणे अलीकडेच सुरू झाले असेल, तर कान, दात किंवा सांधे दुखत नाहीत ना, हे आधी पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. भांड्याजवळ येणाऱ्या माणसाची सवय कुत्र्याला हळूहळू लावता येते, पण ते काम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मोठ्यांनीच करावयाचे. त्यात नातवाला गुंतवू नये.

आणखी एक मुद्दा सुटीत महाराष्ट्रात येणाऱ्या कुटुंबांसाठी. सिंगापूर 1953 पासून रेबीजमुक्त आहे, त्यामुळे तेथे वाढलेल्या मुलाला दिसेल त्या कुत्र्याला कुरवाळण्यात धोका वाटत नाही आणि साधा ओरखडा ते घरी सांगतही नाही. भारतात रेबीज आहे. म्हणून विमानात बसण्यापूर्वीच त्याला अनोळखी कुत्र्याला हात न लावण्याचे आणि दात किंवा नख लागल्यास लगेच सांगण्याचे शिकवावे. तसे घडल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लसीकरण सुरू करावे. कातडी फाटून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यावे लागते.