एकच औषध वारंवार का फवारू नये?

भातावरील करपा रोगासाठी वापरले जाणारे कासुगामायसीन जपानमध्ये १९६५ साली शोधले गेले. पेशीतील प्रथिने रायबोझोममध्ये तयार होतात. हे औषध रायबोझोमला चिकटून ते काम बंद पाडते. ई. कोलाय या जिवाणूत रायबोझोमची जुळणी होताना एक विकर त्यातील आरएनएला चार मिथिल गट जोडते. औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंत हे गटच नसल्याचे १९७१ साली आढळले. एवढ्याशा बदलाने औषध निकामी ठरते. वारंवार फवारणीत नेमके असेच जंतू वाचतात व वाढतात. जपानमध्ये १९७०च्या दशकात करप्याची बुरशीही या औषधाला जुमानेनाशी झाली. म्हणून शिफारशीत मात्रेतच फवारावे आणि वेगळ्या गटातील बुरशीनाशक आलटूनपालटून वापरावे.