खर्ज राखणारी पेडलं

१९६१ साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं गाजलं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत त्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनेलमध्ये बिघाड झाला आणि गिटारवादक ग्रेडी मार्टिनचा सूर फाटून, घरघरत बाहेर आला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी होता. तो फाटका सूर गाण्यात तसाच राहिला. तसाच आवाज पुन्हा हवा होता, पण बिघडलेल्या यंत्राचा भरवसा किती धरायचा? म्हणून स्नॉडीने रेव्हिस हॉब्ज या अभियंत्याला सोबत घेऊन तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं तीन ट्रान्झिस्टरचं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीने १९६२ साली ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणलं. दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालणारं, पायाने चालू-बंद करायचं ते पेडल.

त्या दिवशी मार्टिनच्या हातात सहा तारांची बेस गिटार होती. म्हणजे फझचा पहिला गाजलेला सूर बेसच्या तारेवरचा. तरीही पुढची तीसेक वर्षं पेडलं घडली ती गिटारवाल्यांसाठी. १९६५ साली गिटारवादक कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ फझ-टोनवर वाजवलं, तोवर पडून असलेल्या त्या पेडलला एकाएकी मागणी आली, आणि कारखान्यांना गिऱ्हाईक कोण ते कळलं. बेसवादकांच्या वाट्याला दुसऱ्यांसाठी शिवलेले कपडे आले. ते उसवून आपल्या मापाचे करण्याचा उद्योग तेव्हापासून चालू आहे.

माप नेमकं कुठे चुकतं, हे एका उदाहरणावरून दिसतं. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की सुमारे ८२ हर्ट्झचा सूर निघतो. चार तारांच्या बेसवर तो ४१ हर्ट्झ असतो आणि पाच तारांच्या बेसवर ३१ पर्यंत उतरतो. आता सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सुसुमु तामुरा यांनी घडवलेलं ‘ट्यूब स्क्रीमर’ घ्या. जगात सर्वांत जास्त नकला झालेल्या पेडलांपैकी हे एक. त्याच्या वर्धक भागात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापाठोपाठ जोडलेले आहेत. या जोडीमुळे ७२० हर्ट्झच्या खाली वर्धन घसरू लागतं. तामुरांचा हिशेब अगदी बरोबर होता: गिटारने खर्जात लुडबुड करू नये, ढोल आणि बेसच्या वर स्वच्छ उठून दिसावं. पण त्याच पेडलमध्ये बेसची तार जोडली की मूळ सूर जवळजवळ न वाढताच पुढे जातो, वरचे स्वर तेवढे करकरतात आणि वाद्य पातळ, पोकळ वाटतं.

इथे कामाला येतो तो सोल्डरिंग आयर्न. पेडलचं झाकण उघडलं की ‘४७३’ छापलेला छोटा कपॅसिटर सापडतो, ०.०४७ मायक्रोफॅरड लिहायची ही पद्धत. त्याच्या पायांवरचं कथील वितळवून तो काढायचा आणि त्या जागी ‘२२४’ म्हणजे ०.२२चा बसवायचा. सीमा १५४ हर्ट्झवर येते. एक मायक्रोफॅरडचा बसवला तर ३४ हर्ट्झवर, म्हणजे सगळा खर्ज आत. नवशिके हमखास दुसरा पर्याय निवडतात, पण पहिला बरा. सूर फाडणाऱ्या डायोडांपर्यंत सगळाच खर्ज पोचला की तार वाजते की घंटा, ते कळेनासं होतं. सूर चिखलासारखा होतो. काही रुपयांच्या एका भागावर वाद्याचा पोत ठरतो, हे कानाने अनुभवलेला माणूस पुन्हा पेडल न उघडता वापरत नाही.

खर्ज राखायचा दुसरा मार्ग बीटल्सच्या ध्वनिफितीवर आधीच होता. १९६५ सालच्या ‘रबर सोल’मधलं ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ ऐका. पॉल मॅकार्टनीचा बेस तिथे दोनदा आहे: एकदा स्वच्छ, एकदा फझमधून. स्वच्छ बेस बूड सांभाळतो, फाटका बेस गाण्यात दुसऱ्या वाद्यासारखा फिरतो. पुढे पेडलांवर ‘ब्लेंड’ नावाचा नॉब आला, तो हेच काम एका डबीत करतो.

बेसवादक आणि सोल्डरिंग यांचं नातं पाहायचं तर क्वीन या बँडच्या जॉन डीकनचं नाव घ्यावंच लागतं. डीकन लंडनच्या चेल्सी कॉलेजचा इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत त्याला एक टाकून दिलेलं सर्किट सापडलं. त्याला स्पीकर जोडून त्याने बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर बनवला. त्यावर आवाजाचा नॉब नाही, टोनचा नाही, काहीच नाही. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने त्यात गिटार जोडली आणि क्वीनच्या कित्येक गाण्यांत व्हायोलिन-बासरीसारखे भासणारे थर उभे केले. ‘डीकी अँप’ म्हणून तो आजही ओळखला जातो, आणि त्याच्या प्रतिकृती बनवण्यात लोकांनी वर्षं घालवली आहेत.

डीकनजवळ पदवी होती. ज्यांच्याजवळ नव्हती त्यांच्यासाठी १९७५ साली क्रेग अँडर्टनचं ‘इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स’ आलं. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे कसे वाचायचे, डाख कच्चा राहिला तर कसा ओळखायचा, इथपासून सुरुवात करून अँडर्टन वाचकाला चालत्या पेडलपर्यंत नेतो. ओक्लाहोमाची पाया ही कंपनी त्यातल्या प्रकल्पांचे सुटे भाग एकत्र विकायची. अँडर्टनच्या ‘ट्यूब साउंड फझ’मधली एक युक्ती फार दूरवर गेली: ४०४९ ही खरं म्हणजे संगणकी गणितासाठीची, शून्य आणि एक एवढंच जाणणारी सीमॉस चिप. तिच्यातून त्याने संगीताचा सूर काढला. चिप दोन टोकांच्या मधोमध अडकवून ठेवली की ती व्हॉल्व्हसारखी हळूहळू फाटते. त्यातूनच पुढे वे ह्यूजचं ‘रेड लामा’ हे पेडल निघालं.

भारतात या सगळ्याला वेगळी धार होती. १९९१ पूर्वी परदेशी पेडल म्हणजे जबर आयात शुल्क किंवा परदेशातून येणाऱ्या कुणाची तरी बॅग. सुटे भाग मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळायचे. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एसी१२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवत असे. तोच नंबर लंडनच्या काही ‘फझ फेस’ पेडलांतही होता. फक्त जर्मेनियमला आपली हवा मानवत नाही. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की त्यातून झिरपणारा प्रवाह दुपटीच्या घरात जातो, आणि मे महिन्यातल्या मुंबईत सकाळी जुळवलेलं पेडल दुपारी वेगळंच बोलतं. इथल्या माणसाने बीसी५४७ सारखा सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर घ्यावा. स्वस्त आहे आणि उन्हाळ्यात रुसत नाही.

कारखान्यांना जाग आली ती नव्वदच्या दशकात. टेक २१ चं ‘सॅन्सअँप बेस ड्रायव्हर’ आणि १९९४ साली बॉसचं ‘ओडीबी-३’, दोन्ही बेससाठीच आखलेली, दोन्हींत स्वच्छ सूर मिसळायची सोय. त्याच दशकात रशियात बनलेलं हिरव्या डब्यातलं ‘बिग मफ’ बेसवाल्यांनी आपलंसं केलं, कारण त्यात खर्ज आपसूक टिकतो. त्याचं चार ट्रान्झिस्टरचं सर्किट घरी उतरवून काढणारे आजही असंख्य आहेत. २००९ साली मूळच्या चिलीच्या डग्लस कॅस्ट्रोने हेलसिंकीत डार्कग्लास सुरू केली. तिचं ‘बी३के’ आजच्या मेटल बेसचा ओळखीचा आवाज आहे, आणि त्याची जात पुन्हा तीच: सीमॉस.

पहिलं पेडल करणाऱ्याने मात्र ‘बॅझ फस’पासूनच सुरुवात करावी. एक डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर, एक डायोड, एक रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि आवाजाचा एक नॉब, बस्स. झिरो पीसीबीवर संध्याकाळभरात जमतं, आणि बेसवर अक्षरशः गुरगुरतं. पंचाईत पुढे होते, ब्लेंड जोडल्यावर. एका ट्रान्झिस्टरचा टप्पा लहर उलटी करतो. उलट्या लहरीत सुलटी मिसळली की दोघी एकमेकींना खातात, आणि सगळ्यात आधी जातो तो खर्ज, ज्याच्यासाठी हा खटाटोप मांडला तोच. डाख तपासले जातात, वायरी बदलल्या जातात, दोष सापडत नाही, कारण जोडणीत दोष नसतोच. फझच्या वाटेवर आणखी एक उलटवणारा टप्पा घातला की बूड परत येतं. त्यासाठी नवी चिप लागत नाही. मिसळणीला बहुधा टीएल०७२ वापरलेली असते. तिच्यात ऑप-अँप दोन असतात आणि दुसरा बऱ्याचदा रिकामाच पडलेला असतो.