धूर काय सांगतो?

दोस्तांनो, वापसा आलाय, पेरणी खोळंबलीय आणि घरचा जुना ट्रॅक्टर रुसून बसलाय! अशा वेळी डॉक्टर जशी जीभ बघतात, तसा आधी धूर बघा.

काळा धूर? इंजिनाला हवा पुरत नाही. एअर क्लीनर धुळीने चोंदला असेल. निळसर? ऑईल जळतंय, पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. पांढरा धूर थांबतच नाही? डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर आत पाणी शिरलंय.

आणि धूरच नसेल तर? डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण टाकी रिकामी होऊन नळीत हवा शिरली, की पंपाचा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. मग मेकॅनिककाका फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारतात. फेस थांबून नितळ डिझेल आलं, की स्क्रू आवळतात. यालाच म्हणतात ‘एअर काढणं’!

मात्र तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उसळतं. फिरत्या शाफ्टजवळ ओढणी, सैल सदरा नकोच. ट्रॅक्टर दुरुस्त होतो; तुटलेला हात पुन्हा उगवत नाही!