‘तेज चल’ म्हटले, पण ‘थम’ कधी?

परेड मैदानावर नव्या तुकडीला उस्तादांनी ‘तेज चल’चा आदेश दिला आणि ‘थम’ म्हणायला ते विसरले, तर काय होईल? तुकडी मैदानाच्या टोकापर्यंत जाईल. कुंपणाची भिंत जवळ आली की पुढची रांग बिचकेल, पावले आखूड होतील, कोणीतरी हळूच उस्तादांकडे बघेल. आदेश आला नाही तरी भिंत दिसते आणि तिच्यावर आपटायचे नसते, एवढे कॅडेटला कळते. संगणकाला भिंत दिसत नाही. त्याला नुसते ‘चल’ म्हटले असेल तर तो वीज जाईपर्यंत चालत राहील. प्रोग्रामरांच्या भाषेत याला ‘इन्फिनिट लूप’ म्हणतात आणि प्रोग्रामिंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून पहिल्या महिन्यात तो एकदा तरी घडतो.

संगणक आपण लिहिलेले करतो. आपल्या मनात काय होते ते त्याला ठाऊक नसते. वाक्य सोपे आहे. ते अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो, आणि प्रोग्रामिंगचे खरे शिक्षण म्हणजे बहुतांशी हेच.

मराठी माध्यमातून आलेल्या कॅडेटना आधी भीती वाटते ती इंग्रजीची. ती अनाठायी आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात जी पायथॉन भाषा शिकवतात, तिच्यात राखीव शब्द अवघे ३५ आहेत. त्यांतले दहा-बारा आले की पहिले वर्ष निघते. कवायतीचे हुकूम याहून जास्त असतील आणि ते तुम्ही कधीच पाठ केले आहेत. शिवाय पायथॉनमध्ये आपण ठेवलेली नावे देवनागरीत चालतात. ‘एकूण’, ‘गुण’, ‘पावले’ अशी नावे दिली तर तो तक्रार करत नाही. अंक मात्र इंग्रजी टाकावे लागतात. प्रोग्राममध्ये थेट देवनागरी पाच लिहिला तर तो अडतो. (या लेखातले अंक छपाईच्या रीतीप्रमाणे देवनागरीत आहेत, हे टंकताना लक्षात ठेवा.)

सुरुवात कासवापासून करावी, असे माझे मत आहे. १९६७ साली अमेरिकेत सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची भाषा तयार केली. तिच्यातले कासव पुढे प्रसिद्ध झाले. ते हुकमाप्रमाणे चालते, वळते आणि जाताना मागे रेघ सोडते. तेच कासव आज पायथॉनमध्ये ‘टर्टल’ या नावाने फुकट मिळते. त्याला दोनच हुकूम द्या: इतके पुढे जा, इतके अंश उजवीकडे वळ. चौरस काढायचा असेल तर ‘१०० पुढे, ९० अंश उजवीकडे’ हे चार वेळा. आठ ओळी लिहिण्याऐवजी ‘हे चार वेळा कर’ असे एकदाच सांगता येते, हाच लूप. इथपर्यंत सगळ्यांना जमते.

आता त्रिकोण. तिन्ही बाजू समान, प्रत्येक कोन ६० अंशांचा. म्हणून विद्यार्थी ‘१०० पुढे, ६० अंश उजवीकडे’ असे तीन वेळा लिहितो आणि पडद्यावर उमटतो तो अर्धा षटकोन, तोंड उघडे असलेला. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘संगणक बिघडला’ अशी असते. मग मैदानावर जाऊन स्वतः चालून बघावे. कोपऱ्यावर आलात, तोंड पुढेच आहे. पुढची बाजू धरायला किती वळावे लागते? ६० नव्हे, १२० अंश. भूमितीच्या पुस्तकातला कोन त्रिकोणाच्या आतला असतो. चालणाऱ्याला वळावे लागते ते बाहेरच्या कोनातून. चौरसात आतला आणि बाहेरचा दोन्ही कोन ९० अंशांचे असल्यामुळे ही चूक लपून राहिली होती. बरोबर उत्तर आले म्हणजे विचारही बरोबर होता असे नाही, हे चौरस कधीच शिकवत नाही. त्रिकोण शिकवतो.

पुढची अडचण एका साध्या चिन्हाची. प्रोग्राममध्ये ‘एकूण = एकूण + अंक’ अशी ओळ येते आणि गणितात हुशार असलेला कॅडेटच इथे जास्त अडखळतो, कारण बीजगणितात ती ओळ खोटी ठरते. इथे बरोबरचे चिन्ह म्हणजे समीकरण नव्हे. तो हुकूम आहे: उजवीकडचा हिशेब कर आणि उत्तर डावीकडच्या नावाच्या डब्यात ठेव. डब्यातले जुने निघून जाते, नवे येते.

या डब्यांचा हिशेब वहीत मांडण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. समजा १ ते ५ या अंकांची बेरीज हवी आहे. सुरुवातीला ‘एकूण’मध्ये ० ठेवले. मग प्रत्येक फेरीत एक अंक घ्यायचा आणि ‘एकूण’मध्ये मिळवायचा. वहीत तीन रकाने आखा: फेरी, अंक, एकूण. पहिल्या फेरीत अंक १, एकूण १. दुसऱ्या फेरीत अंक २, एकूण ३. मग ६, मग १०, मग १५. आता हेच पायथॉनमध्ये ‘रेंज’ वापरून लिहा. १ पासून ५ पर्यंत, म्हणून कंसात १ आणि ५ टाकले की उत्तर येते १०. कारण ‘रेंज’ शेवटच्या आकड्याच्या अलीकडे थांबते. ५ ची फेरी होतच नाही. कंसात १ आणि ६ लिहायला हवे होते.

क्रीडादिनाची आखणी केलेल्यांना या चुकीची जात ओळखीची वाटेल. १०० मीटरच्या सरळ रेषेवर दर १० मीटरला एक झेंडी लावायची तर किती झेंड्या लागतात? घाईत सगळे १० म्हणतात. लागतात ११.

इथे एक फरक ओळखायला हवा. कंस बंद करायचा राहिला तर संगणक तिथेच अडतो, लाल अक्षरांत ओळ क्रमांक सांगतो. ही चूक बरी; ती लपत नाही. विद्यार्थी मात्र लाल अक्षरांनाच घाबरतात आणि न वाचता सगळे पुसून टाकतात. निदान शेवटची ओळ वाचा, तीत बहुधा कारण लिहिलेले असते. बेरजेच्या प्रोग्राममध्ये लाल काही नव्हते. पडद्यावर शांतपणे १० आले. वहीत १५ लिहिलेले नसते, तर १० हेच उत्तर म्हणून आपण पुढे गेलो असतो.

दुसरा असाच शांत घोटाळा: दोन संख्या विचारून घेणारा प्रोग्राम. वापरणाऱ्याने ५ आणि ७ टंकले, उत्तर आले ५७. कळफलकावरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथॉन अक्षरे म्हणून घेतो आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणे. ‘हे अक्षर नाही, संख्या आहे’ हे वेगळे सांगावे लागते.

अशी एखादी शांत चूक किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण आपल्या क्षेत्रातले आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, इराकने सोडलेले स्कड क्षेपणास्त्र सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले. २८ सैनिक ठार झाले. तिथे पॅट्रियट क्षेपणास्त्रांची बॅटरी रक्षणासाठी तैनात होती, चालूही होती. तिने प्रतिहल्ला केलाच नाही. पुढे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ मध्ये दिलेल्या अहवालात कारण आले. पॅट्रियटचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत असे आणि सेकंद काढण्यासाठी त्या संख्येला एक दशांशाने गुणत असे. एक तृतीयांश हा अपूर्णांक आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३ असा लांबतच जातो, तसाच एक दशांश संगणकाच्या ०-१ च्या द्विमान पद्धतीत संपत नाही. तो २४ बिटांत बसवण्यासाठी शेपूट कापले गेले. प्रत्येक ठोक्याला चूक झाली सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाची. कोणाच्या लक्षात येणार?

पण ती बॅटरी १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होती. १०० तास म्हणजे ३६ लाख ठोके. चूक साचत साचत सुमारे ०.३४ सेकंदांवर गेली. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त जाते, म्हणजे तेवढ्या वेळात अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर. यंत्रणा आकाशात भलत्याच ठिकाणी शोधत राहिली आणि तिथे काही नाही म्हणून लक्ष्य सोडून दिले.

या प्रकरणातला मला सर्वांत बोचणारा भाग यंत्राचा नाही, माणसांचा आहे. सलग चालवल्यावर नेम सरकतो, हे इस्रायलकडून आलेल्या माहितीवरून ११ फेब्रुवारीलाच कळले होते. २१ फेब्रुवारीला पॅट्रियट वापरणाऱ्यांना सूचना गेली की ‘फार वेळ’ सलग चालवल्यास अडचण येऊ शकते. फार वेळ म्हणजे किती तास, हे त्यात नव्हते. यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती तर घड्याळ शून्यावर आले असते. त्याला जेमतेम एखादा मिनिट लागत असे. दुरुस्त केलेला प्रोग्राम धाहरानला पोचला २६ फेब्रुवारीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी.

हे कापलेले शेपूट आपल्या प्रयोगशाळेतही बघता येते. पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. तो ०.३ म्हणणार नाही; ०.३०००००००००००००००४ असे काहीसे दाखवील. म्हणूनच पैशांचा हिशेब करताना रुपयांऐवजी पूर्णांकी पैसे धरण्याची चाल आहे.

पालक सुट्टीत विचारतात की मुलाला यासाठी महागडा लॅपटॉप घ्यावा का, क्लास लावावा का. पहिल्या सहा महिन्यांत दोन्हींची गरज नाही. पायथॉन विनामूल्य आहे आणि जुन्या संगणकावरही चालतो. वसतिगृहात संगणकाचा तास आठवड्यातून मोजकाच मिळतो, अशी तक्रार कॅडेट करतात. माझ्या मते सुरुवातीला तो फायदाच आहे. ज्याच्यासमोर संगणक सतत असतो तो ‘५ च्या जागी ६ टाकून बघू’ असे करत सुटतो आणि उत्तर जमले की का जमले हे न विचारता पुढे जातो. तुम्ही अभ्यासिकेत बसून वहीत रकाने आखा, प्रोग्राम ओळीओळीने स्वतः चालवा, येणारे उत्तर पेनने लिहा आणि मग तासाला टंका. जोडीदाराला तुमचा प्रोग्राम चालवायला द्या. तो मित्र असल्याने तुमच्या मनातले ओळखून चूक सावरून घेईल, तेव्हा त्याला आधीच बजावा: लिहिलेय तेवढेच कर.

पुढच्या तासासाठी एक काम. कासवाकडून पाच टोकांचा तारा काढून घ्यायचा आहे, हात न उचलता, पाच रेघांत. प्रत्येक टोकाला किती अंश वळायचे? ३६० भागिले ५ म्हणजे ७२ असे बहुतेकजण लिहितील आणि त्यांना पंचकोन मिळेल. आधी मैदानावर चुन्याने तारा आखून त्यावरून चाला. पाच रेघा चालून सुरुवातीच्या जागी, सुरुवातीच्याच दिशेला तोंड करून उभे राहीपर्यंत तुम्ही स्वतःभोवती एकूण किती वेळा फिरलात, ते मोजा.