खोक्याच्या आत (१४) : काल्हेरचं गोदाम आणि १४ हजारांचा बोर्ड

आज एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज देणाऱ्या भागावर, लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. मधेच भिवंडीजवळच्या काल्हेरहून एका वाचकांचं पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न एसएमपीएसच्या आधी सुटायला हवा.

या वाचकांना दोन संगणक असेंबल करून घ्यायचे आहेत. पहिला गोदामाच्या ऑफिसात. त्यावर टॅली, ई-वे बिल, बारकोडचा प्रिंटर आणि वजनकाटा चालणार. तिथला जुना संगणक विंडोज १० वर होता. त्या विंडोजचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरला स्वीकारत नाही. दुसरा संगणक घरी, व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या मुलासाठी. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात त्यांना सांगण्यात आलं, की एकूण खर्चाचा चौथा हिस्सा मदरबोर्डला द्यायचाच असतो, तेव्हा दोन्हीकडे १४ हजारांचे बोर्ड टाका, पुढे बघायला नको. हे खरं का, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

टक्क्यांचा हा हिशेब मला मुळातच मान्य नाही. बोर्डाची किंमत दोन गोष्टींवरून ठरवावी. त्याला प्रोसेसरपर्यंत किती वीज पोचवायची आहे, आणि त्याच्यावर पुढे किती प्रोसेसर बसणार आहेत. बाकीचं सगळं यानंतर.

मागच्या भागात प्रोसेसरच्या वॅटचे दोन आकडे पाहिले होते, बेस आणि टर्बो. आज त्यातला दुसरा घ्या. एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट देतो, पण प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्ट. हे उतरवण्याचं काम प्रोसेसरच्या सॉकेटभोवती बसवलेले मॉसफेट, चोक आणि कपॅसिटर करतात. या सगळ्या जुळणीला व्हीआरएम म्हणतात. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात. कोअर आय३-१२१०० चा टर्बो आकडा ८९ वॅट आहे, म्हणजे सव्वा व्होल्टला सत्तरएक अँपिअर. कोअर आय९-१३९००के चा २५३ वॅट, म्हणजे दोनशेच्या घरात. आपल्या घराची मेन एमसीबी ३२ किंवा ४० अँपिअरची असते, आणि इथे तळहाताएवढ्या जागेतून दोनशे अँपिअर वाहतात! त्यातला दहावा हिस्सा वाटेत उष्णतेत गेला, तरी आय९ च्या बोर्डावर २५ वॅट नुसते तापण्यात जातात. त्यासाठी मॉसफेटवर जाड हीटसिंक लागतो, जास्त फेज लागतात, आणि महाग बोर्डात आपण मुख्यतः त्याचेच पैसे मोजतो. आय३ च्या बोर्डावर ही उष्णता आठ-नऊ वॅट, तीही प्रोसेसर पूर्ण ताणला तर. टॅली त्याला ताणत नाही.

म्हणून गोदामाच्या संगणकाला एच६१० चिपसेटचा साधा बोर्ड पुरतो. हे बोर्ड सहा-सात हजारांत मिळतात. त्याऐवजी १४ हजारांचा बोर्ड घातला, तर ई-वे बिल एका सेकंदानेही लवकर निघणार नाही. बोर्डामुळे संगणक वेगवान होत नाही. प्रोसेसरला पुरेशी वीज मिळाली की बोर्डाचं वेगाशी असलेलं नातं जवळपास संपतं. त्यातही डीडीआर४ चा बोर्ड निवडावा. जुन्या संगणकातल्या डीडीआर४ च्या पट्ट्या चांगल्या असतील, तर त्या इथे चालतात, आणि सध्याच्या रॅमच्या भावात ही बचत थोडी नाही. विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएमचं वेगळं मॉड्यूल कोणी बिलात धरलं तर काढून टाकायला सांगा. आय३-१२१०० सारख्या प्रोसेसरमध्ये ती सोय आतच असते, बायोसमध्ये चालू आहे की नाही एवढं पाहायचं.

आता वजनकाटा. पत्रात त्याचा उल्लेख ओझरता आहे, पण काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातल्या गोदामांना बोर्ड घेताना हाच मुद्दा सगळ्यात जास्त छळतो. काट्याचा इंडिकेटर वजनाचा आकडा अजूनही बहुधा नऊ पिनांच्या सीरियल केबलनेच पाठवतो. आरएस-२३२ हे साठ वर्षांपूर्वीचं मानक आहे आणि ते टिकलंय याचं कारण म्हणजे ते साधं आहे आणि लांब केबलवरही चालतं. नव्या बोर्डांच्या मागच्या बाजूला हे पोर्ट बहुधा नसतं. मग यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात. तो चालतो, पण सफाई करताना कोणी तो दुसऱ्या यूएसबीत खोचला, की विंडोज त्याला नवा कॉम नंबर देऊ शकते. सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट पाहत बसतं. बाहेर ट्रक काट्यावर उभा, आत वजन दिसत नाही, आणि बिल अडलेलं.

यावर बोर्डातच उपाय असतो. कितीतरी स्वस्त बोर्डांवर, खालच्या कडेला, ‘कॉम’ असं बारीक छापलेलं नऊ पिनांचं हेडर असतं. उलट गेमिंगसाठी सजवलेल्या महाग बोर्डांवर ते बऱ्याचदा काढून टाकलेलं असतं. म्हणजे गोदामासाठी स्वस्त बोर्ड नुसता पुरतो असं नाही, तो जास्त योग्यही ठरू शकतो. हेडरपासून कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपर्यंत येणारी केबल फार महाग नाही. फक्त ती घेताना बोर्डाच्या मॅन्युअलमधला पिनांचा नकाशा सोबत न्या. या केबलीत तारांची जुळणी दोन तऱ्हेची असते. चुकीची केबल हेडरवर व्यवस्थित बसते, पण आकडा येत नाही, आणि लोक काट्याला दोष देतात.

घरच्या संगणकाचं गणित वेगळं आहे, आणि तिथे मी दुकानदाराच्या बाजूने आहे. एच६१० चं १७०० पिनांचं सॉकेट इंटेलच्या १२ ते १४ या पिढ्यांपुरतं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने नवं सॉकेट आणलं. गोदामात याने बिघडत नाही, कारण तिथला प्रोसेसर बदलायची वेळ येईल तेव्हा सगळा संगणकच बदलेल. एडिटिंग शिकणाऱ्या मुलाची भूक मात्र तीन-चार वर्षांत वाढणार. त्याच्यासाठी एएमडीचं एएम५ सॉकेट घ्यावं. त्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं कंपनीने जाहीर केलं आहे. यावर विश्वास ठेवायला मागचा दाखला आहे. २०१७ सालच्या एएम४ बोर्डांपैकी पुष्कळांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसला आणि चालला. पाच वर्षं जुना बोर्ड, नवा प्रोसेसर. अशा बोर्डावर घातलेले जादा पैसे दुसऱ्या प्रोसेसरच्या वेळी वसूल होतात.

आज रायझन ७ ७७०० घेतला तर तो ८८ वॅटच्या वर जात नाही, पण उद्या त्याच जागी १४२ वॅट ओढणारा बसू शकतो. म्हणून बी६५० किंवा बी८५०, मॉसफेटवर हीटसिंक हवाच, रॅमच्या चार जागा, एम.२ च्या निदान दोन. १२ ते १५ हजारांत हे सगळं मिळतं. २० हजारांच्या पुढे जायचं असेल, तर त्या बोर्डातली नेमकी कोणती सोय वापरणार हे आधी ठरवा. दिवे आणि चकचकीत पत्रा धरू नका.

दुकानात बिल करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारायच्याच. एक, बोर्ड खोक्यात बरेच महिने पडून असेल तर त्यातला बायोस तुमच्या प्रोसेसरला ओळखतो का? नसेल तर तिथेच अपडेट करून घ्या. घरी आल्यावर पडदा काळाच राहिला, तर दुसरा प्रोसेसर आणायचा कुठून? दुसरी गोष्ट, प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे का. एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, आणि वेगळं कार्ड घातल्याशिवाय बोर्डाच्या मागचं एचडीएमआय मुकं राहतं. गोदामासाठी एफ घेऊ नका, थोडे पैसे वाचत असले तरी.

राहिली काल्हेरची हवा. एका बाजूला खाडी, पावसाळ्यात दमट हवा, उन्हाळ्यात पत्र्याखालचा उकाडा, रस्त्याची धूळ आणि भिवंडीत सगळीकडे उडणारे सुताचे तंतू. तंतू आणि धूळ बोर्डावर बसतात, ओल धरतात, आणि पिनांमधून गळती सुरू होते. महाग बोर्ड हे जास्त सोसेल, अशी समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे. ती खरी नाही. घरगुती बोर्डांवर, मग तो ७ हजारांचा असो की ३० हजारांचा, ओलीपासून वाचवणारा लेप सहसा नसतो. तो औद्योगिक बोर्डांवर असतो. उष्णतेचंही तसंच. कपॅसिटर दहा अंश थंड राहिला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि ते दहा अंश कॅबिनेट जमिनीवरून उचलून, भिंतीपासून वीतभर दूर ठेवून आणि दर महिन्याला पंख्याची जाळी झाडून मिळू शकतात. त्याला बोर्डाचे पैसे लागत नाहीत.

तेव्हा काल्हेरच्या वाचकांना माझं उत्तर असं. घरचा १४ हजारांचा बोर्ड राहू द्या, एएम५ चा आहे एवढं पाहून घ्या. गोदामाचा मात्र सहा-सात हजारांवर आणा. उरलेल्या सात हजारांत चांगला यूपीएस येतो, आणि इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घेता येतं. ट्रक दारात उभा असताना वीज गेली, तर यूपीएसच कामाला येणार आहे.

पुढच्या आठवड्यात एसएमपीएस नक्की. तोपर्यंत संगणक बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटचं झाकण उघडा आणि तुमच्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते टिपून ठेवा. पुढचा भाग त्या आकड्यापासून सुरू होईल.