वजनकाट्यावरची कुस्ती

अमेरिकेतील माध्यमिक शाळांमध्ये, म्हणजे साधारण १४ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या नववी ते बारावी या चार इयत्तांत, कुस्ती हा नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालणारा हिवाळी खेळ आहे, आणि आयोवा किंवा पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत त्याला लाभणारा लोकाश्रय कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला परका वाटणार नाही. मात्र मराठी मुलखात पैलवान म्हटले की खुराक आठवतो, दूध-तूप-बदामांनी भरलेले अंग डोळ्यांपुढे येते. या शाळकरी मल्लाचा हंगाम याउलट वजन उतरवण्यात जातो, आणि त्याचे कारण त्याच्या खादाडपणात नसून खेळाच्या रचनेत आहे.

तेथील शालेय कुस्तीला ‘फोकस्टाइल’ म्हणतात. ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइलपेक्षा तिच्यात प्रतिस्पर्ध्यावर सतत ताबा ठेवण्याला अधिक महत्त्व आहे. लढत प्रत्येकी दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते, आणि दोन्ही खांदे दोन सेकंद मॅटला टेकवून धरले की मल्ल चीतपट ठरतो. तसे न घडल्यास गुणांवर निकाल लागतो. उभ्या प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवण्याला पूर्वी दोन गुण होते, ते २०२४-२५ च्या हंगामापासून तीन झाले. खालून निसटणाऱ्याला एक, तर खालून वर येऊन ताबा उलटवणाऱ्याला दोन गुण मिळतात, आणि १५ गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच थांबते.

वैयक्तिक दिसणारा हा खेळ शाळेच्या पातळीवर मुख्यतः सांघिक आहे. मुलांसाठी रूढ असलेल्या १४ गटांच्या रचनेत सुमारे ४८ किलोपासून (१०६ पौंड) १२९ किलोपर्यंत (२८५ पौंड) वजनगट असतात, प्रत्येक गटात शाळेचा एकच मल्ल उतरतो, आणि चीतपट विजयाने संघाला सहा, तर आठपेक्षा कमी गुणांच्या फरकाने मिळवलेल्या विजयाने तीन गुण मिळतात. त्यामुळे बलाढ्य प्रतिस्पर्ध्यापुढे थोड्या फरकाने हरणारा, पण सहा मिनिटे पाठ न टेकवणारा मुलगा विरोधी संघाला जाणारे तीन गुण वाचवतो, आणि त्याच्या पराभवालाही स्वतःच्या शाळेकडून टाळ्या मिळतात. या रचनेचा दुसरा परिणाम अधिक जाचक आहे. एका गटात एकच जागा असल्याने तिच्यासाठी पहिली चुरस स्वतःच्या सहकाऱ्याशी होते, आणि त्याला हरवता न येणारा मुलगा खालच्या गटात जागा शोधतो. हलक्या गटांतील अंतर जेमतेम तीन किलोंचे असल्याने हा मार्ग सोपा वाटतो. वरच्या गटात गेल्यास मात्र हाडापेराने मोठ्या मुलाशी गाठ पडते.

पाणी तोडून आणि घाम गाळून वजन उतरवण्याची ही रीत किती घातक आहे, हे १९९७ च्या अखेरीस उघड झाले. त्या वेळी सुमारे महिनाभरात तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना दगावले. उष्ण जागेत, घाम कोंडणारे कपडे घालून ते व्यायाम करत होते. त्यानंतर महाविद्यालयांचे नियम कडक झाले आणि पुढे माध्यमिक शाळांनाही वजन-व्यवस्थापन सक्तीचे झाले. आता हंगामापूर्वी लघवीच्या विशिष्ट गुरुत्वावरून शरीरात पुरेसे पाणी आहे की नाही हे तपासतात, मग चरबीचे प्रमाण मोजून मुलांसाठी सात टक्के आणि मुलींसाठी १२ टक्के या किमान मर्यादेवरून प्रत्येकाचा सर्वांत खालचा गट ठरवतात, आणि तिथपर्यंत उतरतानाही आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वजन घटवता येत नाही. या नियमांनी धोका निश्चित आवरला. मूळ कारण, म्हणजे गटागणिक एकच जागा, मात्र आहे तेथेच आहे. वाढत्या वयाची मुले आहेत याची आठवण म्हणून की काय, अनेक राज्यांत नाताळानंतर प्रत्येक गटाला दोन पौंडांची सूट मिळते.

उरलेले जिणे कोणत्याही तालमीत ओळखीचे ठरेल. कान मोडू नयेत म्हणून लढतीत कर्णकवच बंधनकारक असते, आणि अंगाला अंग घासून गजकर्ण वा नागिणीच्या जातीचे त्वचारोग पसरत असल्याने लढतीपूर्वी त्वचेची तपासणी होते. संशयास्पद चट्टा आढळल्यास डॉक्टरांच्या लेखी परवानगीवाचून मॅटवर उतरता येत नाही.

आयोवात या साऱ्याला जवळजवळ कुलाचाराचे रूप आले आहे. वॉटर्लू गावचा डॅन गेबल शालेय जीवनात ६४ लढती खेळून एकही हरला नाही, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तर एकही गुण न गमावता त्याने सुवर्णपदक जिंकले. पुढे आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून त्याने १५ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळवली. याच राज्याने मुलींच्या शालेय कुस्तीला अधिकृत मान्यता देण्यास मात्र २०२२-२३ चा हंगाम उजाडू दिला, हवाई राज्याने ती दिल्यानंतर सुमारे पाव शतकाने. देशभरात आज ६० हजारांहून अधिक मुली शाळांतून कुस्ती खेळतात. महाविद्यालयीन संघांतील जागा थोड्या असल्याने बहुतेक मुलांची आणि मुलींची स्पर्धात्मक कुस्ती बारावीच्या शेवटच्या लढतीबरोबर संपते, आणि वजनकाट्याचे बंधन एकाएकी सुटल्यावर जेवायचे किती, हे त्यांना नव्याने ठरवावे लागते.