श्रीशैलची वाट आणि वेळापत्रकांचा मेळ

गोमंतकातील आणि कोकणातील भाविकांना श्रीशैल हे नाव परके नाही. काणकोणातील श्रीस्थळचा मल्लिकार्जुन हे तर आपल्याच मातीतले दैवत. त्याच नावाने नल्लमलाच्या डोंगररांगेत वसलेले ज्योतिर्लिंग एकदा तरी डोळे भरून पाहावे, ही इच्छा कित्येक घरांतील वडीलधारी मंडळी वर्षानुवर्षे उराशी बाळगून असतात. शेजारीच भ्रमरांबेचे शक्तिपीठ आहे. पायथ्याशी वाहणारी पाताळगंगा म्हणजे महाबळेश्वरी उगम पावणारी आपली कृष्णा. तेलुगू मुलखात पूजेचा संकल्प सोडताना आपले गाव श्रीशैलच्या कोणत्या दिशेस आहे, याचा उच्चार करण्याची प्रथा आहे. यावरून या क्षेत्राचे माहात्म्य ध्यानी यावे. इ. स. १६७७ मध्ये कुतुबशहाच्या भेटीसाठी भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस, गेलेले शिवाजी महाराज तेथून पुढे जाताना श्रीशैलला मुक्कामास राहिले होते. देवळाचे उत्तरेकडील गोपूर त्यांनी बांधविले, असे परंपरा सांगते.

महाराजांच्या काळी ही यात्रा घोड्यावरून आणि पायी होत असे. आज ती आगगाडी, मोटारबस आणि रोपवे अशा तीन वाहनांनी होऊ शकते. वाहने वाढली म्हणजे प्रवास आपोआप सोपा होतो, असा आपला समज असतो. परंतु एका वाहनाची वेळ दुसऱ्याला ठाऊक नसेल तर तीन वाहनांपेक्षा एक बैलगाडी बरी, असे म्हणण्याची पाळी येते. म्हणूनच श्रीशैलच्या प्रवासाचा हिशेब येथे थोडा तपशिलाने मांडावा, असे आम्हांस वाटते.

ऑक्टोबर १९२४ नव्हे, २०२४ साली, म्हणजे गोव्यात आगगाडी येऊन शतक उलटून गेल्यावर, सिकंदराबाद आणि वास्को यांच्या दरम्यान आठवड्यातून दोनदा धावणारी स्वतंत्र गाडी सुरू झाली. तत्पूर्वी गुंटकल येथे डबे जोडण्या-तोडण्याचा खटाटोप चाले. नव्या गाडीच्या जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार ती वास्कोहून गुरुवारी आणि शनिवारी सकाळी निघते व दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता हैदराबादेत पोहोचते. सिकंदराबादहून ती परत निघते बुधवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमारास. कुळे ते कॅसलरॉक हा दूधसागरचा घाट चढून हुबळी, गदग, होस्पेट, बळ्ळारी, गुंटकल, कर्नूल असा तिचा मार्ग आहे.

आता या चार वारांचा मेळ घालून पाहावा. गुरुवारी निघालेला यात्रेकरू शुक्रवारी सकाळी उतरतो. त्याच दिवशी दहाच्या गाडीने परतणे शक्य नसल्यामुळे त्याची परतीची पहिली गाडी थेट बुधवारची. त्याच्या पदरी पाच दिवस पडतात. शनिवारी निघालेला रविवारी उतरतो आणि त्यालाही बुधवारचीच गाडी मिळते, म्हणजे रविवार, सोमवार आणि मंगळवार हे तीन दिवस. नोकरदार कुटुंबास दुसरा पर्याय सोयीचा खरा. पण त्यातील सोमवार हा शंकराचा वार, त्या दिवशी दर्शनास गर्दी ठरलेली. ज्यांच्यासोबत म्हातारी माणसे आहेत त्यांनी गुरुवारची गाडी धरावी आणि शनिवारपर्यंत दर्शन उरकावे, हे अधिक शहाणपणाचे.

गाडीतून उतरण्याचे ठिकाणही विचारपूर्वक निवडले पाहिजे. बहुतेक प्रवासी सवयीने अखेरच्या स्थानकापर्यंत, सिकंदराबादपर्यंत, बसून राहतात. वस्तुतः ही गाडी त्याआधी काचीगुड्यास थांबते आणि श्रीशैलच्या बसगाड्या जेथून सुटतात ते महात्मा गांधी बसस्थानक तेथून फार जवळ आहे. सिकंदराबादेस उतरलेल्यांना मेट्रोची सोय आहे. २०२० सालापासून हिरव्या मार्गिकेची गाडी थेट त्या बसस्थानकापर्यंत जाते. आठच्या आत बस मिळाली तर सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचे अंतर तोडून दुपारी श्रीशैल गाठता येते.

खरी मेख पुढे आहे. हैदराबादहून जाणारा रस्ता मन्ननूरपासून अमराबाद व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात शिरतो. वन्य प्राण्यांचा रात्रीचा वावर निर्वेध राहावा म्हणून मन्ननूर आणि दोमलपेंट येथील वनखात्याची नाकी रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत वाहनांना बंद असतात. हा नियम योग्यच आहे. वाघाच्या घरातून जाताना पाहुण्याने वाघाची वेळ पाळली पाहिजे. परंतु हा नियम ठाऊक नसलेले यात्रेकरू संध्याकाळी उशिरा देऊळ सोडतात, आणि नाके बंद होण्याआधी पोहोचण्यासाठी चालक वळणावळणाच्या रस्त्यावर वेग वाढवितो. तेवढ्यानेही नाके चुकले तर लहान मुले आणि वृद्ध यांना घेऊन रात्र रस्त्याच्या कडेला काढावी लागते.

याचा परिणाम आगगाडीच्या वेळेवर होतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. मंगळवारी रात्री नाक्यावर अडकलेले कुटुंब बुधवारी सकाळी सहाला सुटले, तर हैदराबादेस पोहोचेपर्यंत नऊ-दहा वाजतात. तोवर वास्कोची गाडी फलाट सोडण्याच्या बेतात असते. ती चुकली की पुढची शुक्रवारी. अरण्यातील एका फाटकावर गमावलेल्या दहा मिनिटांची किंमत अशा रीतीने परमुलखात दोन दिवसांच्या राहण्या-जेवण्याने मोजावी लागते. यासाठी मंगळवारी सकाळीच श्रीशैल सोडून रात्रीचा मुक्काम हैदराबादेत करावा, हाच बिनधोक मार्ग होय.

राहता राहिला रोपवे. श्रीशैलच्या पठारावरून पाताळगंगेपर्यंत उतरण्यास शेकडो पायऱ्या आहेत. चौदाव्या शतकात रेड्डी राजांनी तेथे सोपान बांधविल्याचा उल्लेख इतिहासात सापडतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी आंध्र प्रदेशच्या पर्यटन खात्याने चालविलेला रोपवे हे वरदानच आहे. छोट्या पाळण्यात बसून धरणाच्या जलाशयाचे आणि भोवतालच्या कड्यांचे दर्शन घडते. मात्र रोपवे हा दिवसाउजेडी चालणारा व्यवहार आहे. तो सायंकाळी बंद होतो. वारा-पाऊस जोराचा असेल किंवा दुरुस्ती निघाली तर दिवसाही बंद राहतो. दुपारी पोहोचून, स्नान-दर्शन आटोपून, मग सावकाश पाळण्याकडे वळू, असा बेत करणाऱ्यांची हमखास निराशा होते. वडिलांना पाताळगंगेचे पाणी मस्तकी लावावयाचे असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला प्रहर त्यासाठी राखून ठेवावा.

रोपवे बंद असला म्हणून तेथील कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालणे हा मात्र शुद्ध अविचार होय. १० एप्रिल २०२२ रोजी झारखंडातील देवघरजवळच्या त्रिकूट टेकडीवर रोपवेला अपघात झाला. माणसे रात्र-रात्र अधांतरी लटकत राहिली, हवाई दलास हेलिकॉप्टरे आणावी लागली आणि तिघांनी प्राण गमावले. देवघरही ज्योतिर्लिंगाचेच क्षेत्र मानले जाते, हे विसरून चालणार नाही. सुरक्षिततेसाठी बंद ठेवलेला पाळणा हा गैरसोयीचा नव्हे, जबाबदारीचा दाखला असतो. आमची तक्रार बंद ठेवण्याबद्दल नाही; बंद असल्याची वार्ता यात्रेकरूला दोनशे किलोमीटर आधी मिळत नाही, याबद्दल आहे.

हे अशक्य आहे काय? स्वित्झर्लंडसारख्या डोंगराळ देशात आगगाडी, टपालखात्याची बस, सरोवरातील बोट आणि रज्जुमार्ग या सर्वांच्या वेळा एकाच राष्ट्रीय वेळापत्रकात गुंफलेल्या असतात. १९८२ सालापासून तेथे ठराविक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत देशभर लागू झाली. गाडी स्थानकात शिरते तेव्हा पुढची बस बाहेर उभी असते. त्या देशाची श्रीमंती आपल्याकडे नसेल. पण चार खात्यांनी एका मेजाभोवती बसण्यास श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडे अडचण आहे ती हद्दींची. २०१४ च्या विभाजनानंतर हैदराबाद तेलंगणात राहिले आणि श्रीशैल आंध्रात गेले. रेल्वे केंद्राची, बसगाड्या दोन राज्यांच्या दोन महामंडळांच्या, नाकी वनखात्याची, रोपवे पर्यटन खात्याचा आणि दर्शनाच्या वेळा देवस्थानच्या. प्रत्येकाचे वेळापत्रक आपापल्या जागी निर्दोष आहे. यात्रेकरूला मात्र ते सारे एकामागून एक पार करावे लागतात, आणि त्यांची बेरीज करण्याचे काम कोणाच्याच कक्षेत येत नाही.

यास्तव आमच्या मागण्या साध्या आहेत. आगगाडी, बस, वननाके, रोपवे आणि दर्शन यांच्या वेळा दाखविणारे एकच पत्रक तेलुगू, हिंदी, कन्नड आणि मराठी या भाषांत निघावे, व ते काचीगुडा, हुबळी, मडगाव आणि वास्को या स्थानकांवर लागावे. वास्कोची गाडी पोहोचते त्या दोन सकाळी श्रीशैलची एक बस तिची वाट पाहून सुटावी. रोपवे बंद असल्यास ती सूचना हैदराबादच्या बसस्थानकावर फळ्यावर लिहिली जावी. मराठी पत्रकाच्या कामी हैदराबादेतील मराठी मंडळींचे साहाय्य मिळू शकेल. विसाव्या शतकाच्या आरंभी विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभारणाऱ्या त्या समाजाला हे काम जड नाही. गोव्याच्या लोकप्रतिनिधींनीही नव्या गाडीच्या स्वागतापुरते न थांबता, ती गाडी प्रवाशाला पुढे कोठवर नेते, याचा पाठपुरावा करावा.

तोपर्यंत वाचकांनी आपला बेत आपणच आखला पाहिजे, आणि तो उलट्या क्रमाने आखावा. आधी परतीची आगगाडी ठरवावी, मग नाके बंद होण्याची वेळ, मग रोपवेची, आणि सर्वांत शेवटी घरून निघण्याचा वार. निघण्यापूर्वी प्रत्येक वेळ पुन्हा एकदा विचारून घ्यावी, कारण वेळापत्रके बदलतात. पावसाळ्यात तर एक दिवस हाताशी जादा ठेवावा. आपला स्वतःचा घाटही त्या दिवसांत भरवशाचा नसतो. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर आणि सोनावळी यांच्या दरम्यान दरड कोसळून प्रवासी गाडी रुळांवरून घसरली होती, ही आठवण ताजी आहे. मल्लिकार्जुन आपल्या जागी अचल आहे. त्याच्यापर्यंत वडीलधाऱ्यांना सुखरूप नेऊन आणणे हे मात्र आपल्या आणि सरकारच्या नियोजनावर अवलंबून आहे.